दाखल्याआधी आधार

पहिली-दुसरीतले एखादे पोर दहा मिनिटे एका जागी बसत नाही, फळ्यावरची ओळ अर्धी उतरवून उठते, बाईंनी सांगितलेल्या तीन कामांतले एकच करते. त्याला ‘द्वाड’ म्हटले की जळगाव-धुळ्याकडे विषय संपतो. अशी सगळी मुले एडीएचडीची, म्हणजे लक्ष न लागणे आणि अतिचंचलता या विकाराची, नसतात. पण जगभरातल्या अभ्यासांनुसार शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो, म्हणजे बहुतेक वर्गांत एखादे तरी मूल असणारच. त्याला मदत मिळण्यासाठी आधी वैद्यकीय शिक्का मागायचा, ही आपली रीत चुकीची आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या दारातच पालक अडतात. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण पहिलीत मागे पडलेल्या मुलाला दहावीची सवलत काय कामाची? २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे आणि त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. त्या तपासणीतून वर्गातले शिकवणे बदलायला हवे.

शिक्षक म्हणतील, पटावर चाळीस मुले, त्यात ऑनलाइन माहिती भरायची. हे कधी करायचे? तक्रार रास्त आहे. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष गरजांच्या दहा प्राथमिक विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे म्हटले. ती पदे भरलीच पाहिजेत. पण मुलाला दारा-खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर बसवणे, एका वेळी एकच सूचना देणे, दहा गणितांऐवजी चार देऊन मध्ये वह्या वाटायला उठवणे, आज काय जमले याची एक ओळ रोज वहीतून घरी कळवणे, याला पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उगाच शिक्का बसेल. कॅनडातील २०१२ च्या अभ्यासात, एकाच वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांचे हे निदान अधिक वेळा झालेले दिसले. आपल्याकडे तर घरी अहिराणी किंवा शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीतला पाठ न कळल्यानेही चुळबुळ करू शकते. ऐकू कमी येते का, दिसते का, हेही आधी पाहावे लागते. निदानाला सहा महिन्यांची लक्षणे, तीही घरी आणि शाळेत दोन्हीकडे, असावी लागतात. म्हणूनच वर्गातली मदत निदानावर अवलंबून ठेवू नये. निदान चुकले तरी पुढच्या बाकाने कोणाचे नुकसान होत नाही. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. सहा वर्षांखालील मुलांसाठी तर आधी पालकांना वागणूक हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा परिषदांनी यंदा एवढे तरी करावे: तपासणीत लक्ष न लागणाऱ्या मुलांची नोंद पालकांच्या संमतीने गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकाकडे महिन्याभरात पोहोचवावी, त्याने वर्गशिक्षक आणि आई-वडिलांसोबत बसून त्या मुलासाठी चार गोष्टी ठरवाव्यात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर केंद्रप्रमुखांनी त्या वर्गात जाऊन त्या होताहेत का ते पाहावे.