पाहणी श्रावणात करा!

जव्हार-मोखाड्यात चार महिने पाऊस धो धो पडतो न् उताराने निघून जातो. वैतरणेचं पाणी धरणांतून मुंबईला, आमच्या विहिरी माघातच तळाला. म्हणून दिवाळी झाली की आम्ही भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जगायला जातो. साहेब पाहणीला येतात ते नेमके चैत्रात. निम्म्या घरांना कुलूप, वरकसात पीक नाही. लिहून मोकळे, 'कब्जा नाही'. अहो, चैत्रात नागली उगवते का? म्हाताऱ्यांनी भाजलेल्या राबाची राख तरी बघा! वनहक्क कायदा 13 डिसेंबर 2005 आधीचा ताबा विचारतो, उन्हाळ्यातलं हिरवं रान नाही. गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव घ्यावा: पाहणी श्रावणात, नागली-वरई उभी असताना. तोवर कोऱ्या पंचनाम्यावर कुणीही अंगठा देऊ नये.