इशारा दिला होता, वाचला कोणी?

इमोजीचे शब्दांत व शब्दांचे इमोजीत रूपांतर करणारी ‘पायथन’मधील ‘इमोजी’ ही लायब्ररी २०२२ साली २.० या आवृत्तीत आली आणि तिच्यावर विसंबलेले कित्येक प्रोग्राम बंद पडले. मजकुरातील इमोजी हुडकणारे जुने फंक्शन तीतून काढून टाकले होते. ते जाणार, असा इशारा आधीच्या आवृत्तीने स्पष्टपणे दिला होता; पर्यायी फंक्शनचे नावही सांगितले होते. शिवाय क्रमांकातील पहिला आकडा बदलला की जुने काही मोडणार, हा या व्यवसायातील रूढ संकेतच आहे. तेव्हा लायब्ररी विनामूल्य देणाऱ्या कर्त्यांवर खापर कशासाठी? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांनी आवृत्तीचा क्रमांक निश्चित करण्याची एक ओळही लिहू नये, हा निष्काळजीपणा आम्हांस अधिक गंभीर वाटतो.