सात गाड्या आणि एक वही

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. शेतीची कामं, घरातलं लग्न आणि थोडा आळस.. कारणं नेहमीचीच. पण एक विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज बसलोच.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, सोलापूर-धाराशिवकडची गावं पाण्याखाली गेली. तेव्हा आमच्या मुक्ताईनगरला नेहमीप्रमाणे बैठक झाली. आठ-दहा जण, चहा आणि उत्साह. गाडी कुणाची, डिझेल कुणाचं, बॅनरवर नावं कुणाची (सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला ते सांगायला नकोच :) ). मी मध्येच विचारलं, "पण तिकडे कुणाला फोन केला का? काय पाहिजे, कुठल्या गावाला पाहिजे?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चालत्या गाडीला खीळ घातली. एक जण म्हणाला, "त्यात काय इचारनं भो? लोकायचे घरं वाहून गेले, त्याहिले सारंच लागीन!"

त्याचा राग आला नाही, कारण २०१९ साली मीही अगदी हेच म्हणालो होतो.

तेव्हाची गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९. सांगली-कोल्हापूरला कृष्णा आणि पंचगंगेचा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं डोळ्यांदेखत गेली. टीव्हीवर ते पाहून इथे कुणालाच घास गोड लागेना. आम्ही चार घरांनी मिळून एक गाडी भरली. साड्या, शर्ट-पँटी, चादरी, बिस्किटांचे पुडे, आणि आपण केळीच्या मुलखातले, म्हणून पिकायला घातलेली केळी. पाणी ओसरून रस्ता सुरू झाला तशी गाडी काढली.

दीड दिवसाचा प्रवास. कृष्णाकाठच्या एका गावात पोचलो. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) गाव हमरस्त्याला लागून, गाडी सरळ शाळेच्या पटांगणात. आणि तिथे आमच्या आधी सहा गाड्या उभ्या! आमची सातवी. शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचे ढीग, पावसाने भिजलेले, वास सुटलेला. बिस्किटांचे पुडे पोरं फोडत होती आणि टाकत होती. एक म्हातारी चिखलाने भरलेला उंबरठा खराट्याने घासत होती. तिच्या हातात मी साडी द्यायला गेलो तर म्हणाली, "दादा, कापडं नगो. लई आली. फिनेल असलं तर द्या. आन् पलीकडच्या वस्तीवर जावा, तिकडं कोण फिरकलं न्हाई."

पलीकडची वस्ती म्हणजे तीन किलोमीटर आत. रस्ता खचलेला. गाडी जाईना. वस्ती मजुरांची. आम्ही डोक्यावर पेट्या घेऊन दोन खेपा केल्या. त्यांना लागत होतं पिण्याचं पाणी, ताडपत्री आणि शेरडांना चारा. आमच्याकडे होती बिस्किटं आणि केळी. केळी तोपर्यंत निम्मी काळी पडली होती. ज्या माणसाने आमच्या हातातून ती घेतली त्याने "लय उपकार झाले" असंही म्हटलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी एक गोष्ट समजली. मदत पाण्यासारखी असते, सोपी वाट मिळेल तिकडे वाहते. डांबरी रस्ता, मोठं गाव, टीव्हीवर दिसलेलं नाव. उंचावर, आडबाजूला, नदीपल्याड जे आहेत त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोचत नाही. आणि आडबाजूला कोण राहतं हे आपल्याला काय माहीत नाही? ज्याची जमीन नाही, ज्याची वस्ती गावाबाहेर. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या मनाने चांगलं काम केलं तरी सगळ्यांचं मिळून एक वाईट काम होऊ शकतं. कुणाच्याही मनात अन्याय करायचं नसताना अन्याय होतो.

घरी आल्यावर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेलो. आपण काही नवीन चूक केलेली नाही हे कळून थोडं बरं वाटलं. जगभरातल्या मोठमोठ्या संस्था हीच चूक करून शिकल्यात. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ सालीच ठराव करून मदतीच्या समन्वयाची वेगळी यंत्रणा उभी केली. पण २००४ची त्सुनामी आणि सुदानमधलं दारफूर इथे पुन्हा तेच दिसलं.. एका कामाला दहा जण, दुसऱ्याला कुणीच नाही. मग २००५पासून कामांचे गट पाडले. आरोग्याचा एक, पाणी आणि स्वच्छतेचा एक, निवाऱ्याचा एक, असे पुढे अकरा. प्रत्येक गटाला एक जबाबदार संस्था. आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाणी युनिसेफकडे. ऑक्टोबर २००५च्या काश्मीर भूकंपात, पाकिस्तानच्या बाजूला, ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काय आहे माहितीये? एक तक्ता. कोण, काय, कुठे आणि केव्हा. बस्स. त्याला ते इंग्रजीत 'फोर डब्ल्यू' म्हणतात. आपल्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत याहून जास्त रकाने असतात!

आपल्याकडेही हे झालेलं आहे, आणि चांगलं झालेलं आहे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर कच्छमध्ये तिथल्या संस्थांनी एकत्र येऊन, 'कच्छ नवनिर्माण अभियान' या नावाखाली, काही काही गावांमागे एक अशी 'सेतू' केंद्रं उघडली. कुठल्या गावात काय झालं, काय राहिलं, सरकारचा नवा आदेश काय, याची माहिती तिथून दोन्ही बाजूंना जायची. २००४च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या नागपट्टिणमला सर्वांत जास्त माणसं गेली आणि नंतर शेकडो संस्था तिथे उतरल्या. तिथे स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून समन्वय केंद्र चालवलं. आलेल्या संस्थेला विचारायचं, तुम्ही काय आणलंत, मग सांगायचं, अमुक गावाला जा. साधी गोष्ट. पण ती करायला कुणीतरी टेबल टाकून बसावं लागतं, आणि टेबलावर बसलेल्याचा फोटो कुठे छापून येत नाही.

आता दुसरी बाजू. आमचे अप्पा (वडिलांचे थोरले भाऊ) हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे माणूस बुडून राह्यला आन् तुम्ही वही शोधा!" अप्पांचं खरं आहे. पहिल्या दिवशी, पहिल्या रात्री, वाचवतो तो शेजारीच. किल्लारीचंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन, माणसं नुकती अंथरुणाला टेकलेली. ढिगाऱ्यातून पहिल्यांदा माणसं काढली ती हातांनी, गावकऱ्यांनी आणि शेजारच्या गावच्यांनी. तेव्हा कुणी कुणाची परवानगी मागितली नाही आणि मागूही नये.

आणखी एक खरं आहे. समन्वय म्हणता म्हणता नुसत्या बैठका होतात. २०१०च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा त्या गटांच्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर व्हायच्या, फाटकावर पहारा आणि आत इंग्रजी. ज्यांचा देश, त्यांच्याच छोट्या संस्थांना आत शिरता येत नव्हतं आणि शिरलं तरी समजत नव्हतं. म्हणजे वही होती, पण वही परक्याच्या हातात होती. मग तिचा उपयोग काय?

म्हणून माझं म्हणणं नुसतं "समन्वय करा" एवढंच नाही. वही कुणाच्या हातात, हा खरा प्रश्न आहे. किल्लारीचा पुढचा भाग इथे आठवावासा वाटतो. बावन्न गावं नव्या जागी वसवायची होती. त्यातली बरीच गावं वेगवेगळ्या देणगीदारांनी बांधायला घेतली. घरं जमिनीच्या हिशेबाने, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५० पर्यंत. पण ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, अशी शेकडो गावं, तिथे सरकारने 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेची मदत घेतली आणि गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' केलं. पैसे कधी मिळतात, दुरुस्ती कशी करायची, कुणाचं नाव यादीत राहिलं, हे त्या बायका घरोघर सांगायच्या आणि अडलेलं वर कळवायच्या. कुणाच्या घरी काय नाही हे गावातल्या बाईला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्या साहेबाला माहीत असणार?

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिलं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा करायचा आणि स्वयंसेवी संस्थांना सोबत घ्यायचं हेही त्यात लिहिलंय. पण आराखडा कार्यालयातल्या कपाटात आणि गाडी आमच्या चौकात, अशी गत असेल तर दोघांची गाठ पडायची कधी? ते पाऊल गावानेच टाकायला हवं.

हे सगळं सांगलीचं, किल्लारीचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. चाळीसगावात तितूर नदी गावात शिरली आणि कन्नड घाटात दरड कोसळली, तेही एकाच दिवशी. आपल्याच जिल्ह्यात. आणि आपण तर तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूरच्या पाणलोटात बसलेली माणसं. हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की खालच्या काठच्या लोकांची झोप उडते. उन्हाळ्यात वादळ आलं की रावेर-मुक्ताईनगरच्या केळीबागा एका तासात आडव्या होतात. उद्या गाड्या आपल्याकडे येतील. तेव्हा त्या गाडीवाल्याने कुणाला विचारायचं?

गंमत म्हणजे हे शास्त्र आपल्याला नवीन नाही. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते ती महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. एवढी माणसं, एवढी वाट. कुठल्या गावी दुपारचं जेवण, कुठे मुक्काम, कुठल्या दिंडीने कुणाच्या मागे चालायचं, सगळं ठरलेलं. एकाच मुक्कामाला सात गावांनी पुरणपोळी केली आणि पुढच्या मुक्कामाला उपास घडला, असं होत नाही. कारण पालखी निघण्याआधीच सगळ्यांना माहीत असतं. भक्ती मनात असते, पण व्यवस्था वहीत असते. मदतीला तेवढीच गोष्ट हवी.

म्हणून त्या बैठकीत मी हट्टच धरला. गाडी एक दिवस उशिरा निघू दे, पण आधी फोन. ओळखीतून ओळख काढत सीनाकाठच्या एका शिक्षकांपर्यंत पोचलो. ते म्हणाले, "कपडे कृपा करून आणू नका. जनावरांना चारा आणा आणि पोरांना वह्या-दप्तरं. आणि आमच्या गावाला नको, आत एक गाव आहे तिथे न्या. मी रस्त्यावर उभा राहतो." ते खरंच उभे होते. यावेळी गाडीत केळी नव्हती. (बॅनर होता. सगळंच कसं जिंकणार?)

परत आल्यावर मी शंभर पानी वही आणली आणि चार रकाने आखले. आपल्या तालुक्यातल्या नदीकाठच्या आणि आडबाजूच्या एकेका वस्तीतल्या दोन-दोन माणसांचे फोन लिहायला घेतलेत. त्यातली एक बाई असलीच पाहिजे असा नियम घातलाय. प्रत तहसीलमध्ये नेऊन देणार आहे. आतापर्यंत अकरा वस्त्या झाल्या. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. यात ना गाडी, ना हार, ना कुणाच्या डोळ्यांतलं पाणी.

पण ते शेरडांना चारा मागणारे लोक आठवतात आणि मी पुढची ओळ लिहितो. तुमच्या गावात अशी वही आहे का? नसेल तर पाऊस यायच्या आत आखून ठेवा. आणि आमच्या नातेवाईक मंडळींनो, तुमच्या गावच्या वस्त्यांची नावं मला आजच पाठवा. लग्नात भेटलात की विचारणारच आहे.