हवा सर्वांची, जाळे कोणाचे?

विद्यापीठाच्या आवारात मोफत वाय-फायचे उद्‌घाटन थाटात होते, फलक लागतो, भाषणे होतात. वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीतील विद्यार्थी मात्र पदरचे पैसे मोडून मोबाइलचा डेटा घेत राहतो. विद्यार्थी चळवळीतील कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. दोष यात यंत्रांचा क्वचित असतो. बहुधा तो नियोजनाचा असतो. आणि नियोजन म्हणजे कोणाला प्रथम व कोणाला शेवटी, याचा निर्णय. तो केवळ तंत्रज्ञांवर आणि ठेकेदारांवर सोपवून चालणार नाही.

या तंत्राच्या मुळाशी एका सार्वजनिक विद्यापीठाची गरज होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. हवाई विद्यापीठाचा मुख्य संगणक होनोलुलूत, तर महाविद्यालये निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींचा मार्ग शोधला आणि १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केले. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता हे खरे. पण तत्त्व सहकाराचे होते. प्रत्येकाला वेगळा वाटा न तोडता सर्वांनी एकच वाहिनी वापरायची. दोन संदेश आदळले तर थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. आजच्या वाय-फायमध्येही लहरी सामायिकच असतात.

सामायिक गोष्टीला नियोजन लागते. वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले; त्याआधीच, १९९३-९४ पासून, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने ॲलेक्स हिल्स यांच्या नेतृत्वाखाली ‘वायरलेस अँड्र्यू’ हे जाळे उभारायला घेतले. भिंती व मजले लहरी कशा अडवतात हे इमारतींत प्रत्यक्ष मोजून ॲक्सेस पॉइंटच्या जागा ठरवाव्या लागल्या. शिवाय एका पेटीवर जितके जण अधिक, तितका प्रत्येकाचा वाटा कमी. म्हणजे भरगच्च व्याख्यानगृहाला आणि दोन टेबलांच्या कार्यालयाला एकच हिशेब लावता येत नाही. ‘बिनतारी’ हा शब्दही फसवा आहे. तार नाहीशी झालेली नसते, ती भिंतीआड गेलेली असते. प्रत्येक पेटीला वीज लागते, केबल लागते आणि तिची निगा राखणारा माणूस लागतो. निविदा काढताना नेमका हा माणूसच विसरला जातो.

काहीजण म्हणतील, डेटा स्वस्त झाला असताना विद्यापीठाने हा खर्च का करावा? बाजारात पुस्तके मिळतात म्हणून आपण ग्रंथालये बंद करत नाही. २०२० मध्ये वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा ज्याच्या घरी एकच फोन होता त्याच्यासाठी ‘स्वस्त’ या शब्दाला काय अर्थ उरला होता?

लहरींवरचा हक्क तर निर्विवाद आहे. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. २००५ मध्ये केंद्र सरकारने वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला. लहरींसाठी कोणालाही शुल्क द्यायचे नसेल, तर उरतो तो यंत्रांचा, विजेचा व श्रमाचा खर्च. आणि तो सार्वजनिक शिक्षणाचाच खर्च होय.

म्हणून अधिसभेत आणि विद्यार्थी संघटनांच्या व्यासपीठावरून काही मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत. जाळ्याचा आरंभ वसतिगृहे व ग्रंथालयापासून व्हावा, प्रशासकीय इमारतीपासून नव्हे. ज्यांच्याजवळ लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात संगणक असावेत. नाहीतर हे जाळे ज्यांच्याजवळ आहे त्यांनाच आणखी देईल. देखभालीसाठी कायम नोकरीतील तंत्रज्ञ नेमावेत. विद्यार्थी काय वाचतात, काय शोधतात याची नोंद कोणत्याही कंपनीच्या हाती जाऊ नये. आणि नियोजन समितीवर विद्यार्थ्यांचे व कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत.

उद्‌घाटनाच्या फलकाने यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीत जाळे पोहोचले की नाही, हीच त्याची खरी कसोटी. आणि ती घेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.