कुरकुर

आमच्या गाडीने 'कुईंऽऽ' करायला सुरुवात केली ती गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. स्पीडब्रेकर आला की पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज यायचा. हिंजवडीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरताना वॉचमनकाका मान वळवून बघायचे, इतका.

गाडी २०१४ सालची हॅचबॅक. अण्णांनी (म्हणजे वडिलांनी) घेतलेली, आता माझ्याकडे आलेली. मी काही ऑटोमोबाईलवाला नाही, डिग्री कॉम्प्युटरची. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला एक आवाज शोधता येऊ नये?

आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. एका पोराने कॅम्पसभोवती दोन चकरा मारल्या, दहाव्या मिनिटाला माझ्या हातात एस्टिमेट. दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, सगळे बुश. २१ हजार रुपये.

"पण आवाज नेमका कुठल्या पार्टचा आहे?"

"सर, सगळंच बदलून घ्या ना. टेन्शन नको."

हे म्हणजे वेबसाईट स्लो झाली म्हणून सगळे सर्व्हर भंगारात काढण्यासारखं झालं. हात जोडून बाहेर पडलो. मग काय, यूट्यूब विद्यापीठात प्रवेश घेतला आणि डब्ल्यूडी-४० चा डबा आणला. १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून बनवलेलं हे रसायन. नावाचा अर्थ, पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयोग. ते मी चाकामागे जे जे हलताना दिसेल त्यावर मारलं. आवाज गायब! बायकोसमोर कॉलर ताठ. २१ हजारांचं काम चारशेत.

तीन आठवडे शांतता होती. मग दिवाळीला गावी निघालो.

आमचं गाव केज तालुक्यात. पुण्याहून नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, नेकनूर असा रस्ता. आता मोठा पट्टा सिमेंटचा झालाय, पण गावागणिक गतिरोधक आहेतच, आणि हायवे सोडून गावच्या रस्त्याला लागलं की काळ्या मातीची जादू सुरू. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. नेकनूरच्या पुढे आवाज परत आला. पण आता कुईं नव्हतं. बारीकसं 'टक्' होतं. मी गाण्याचा आवाज वाढवला. (हो, केलं मी तसं. कबूल.)

दुसऱ्या दिवशी आईला भाऊबीजेला माजलगावला न्यायचं होतं. म्हणजे धारूरचा घाट आलाच. आमच्याकडचा माणूस त्या घाटाचं नाव काढलं की जरा गप्प होतो. अरुंद रस्ता, वळणं, आणि उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. अण्णांनी गाडी दारात येताना ऐकली होती. म्हणाले, "आधी चाचांना दाखव. मग घाट."

चाचांचं गॅरेज म्हणजे लिंबाखाली पत्र्याची शेड. एस्टिमेट वगैरे काही नाही. त्यांनी आधी मला प्रश्न विचारले. आवाज कधीपासून? सकाळी जास्त का दुपारी? पाऊस पडल्यावर कमी व्हायचा का? जागेवर उभं राहून स्टिअरिंग फिरवलं तर यायचा का? बघा, सिनियर माणूस लॅपटॉप उघडण्याआधी हेच करतो.

मग मला बोनेटचा डावा कोपरा दाबायला लावला. "दाब. सोड. दाब." चाकं जमिनीवर, चाचा वाकून आत बघतायत. पाण्याची बाटली घेतली आणि एकेका बुशवर थोडं थोडं पाणी सोडलं. कोरडा रबरी बुश बोलत असेल तर ओला झाल्यावर घडीभर गप्प होतो. स्टॅबिलायझरचा बुश भिजवला, फरक नाही. लोअर आर्मचे बुश भिजवले, तरीही नाही. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ कानाला, टोक आर्मच्या शेवटाला. डॉक्टर छाती तपासतो तसं.

"इथून यायलाय."

गाडी जॅकवर घेतली, खाली भक्कम ठोकळे लावले (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका मंडळी), आर्मखाली टॉमी घालून उचकटलं. सांधा डोळ्यांना दिसेल इतका हलला. बॉल जॉइंट.

मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत बसतं ना, तसा हा सांधा. चाक वर-खाली होतं आणि वळतंही, ते याच्या जिवावर. वर रबरी टोपी, आत ग्रीस. आमची टोपी फाटलेली होती. फाटीतून पाणी गेलं, धूळ गेली, ग्रीस संपत आलं, तेव्हा तो सांधा कुईं करून सांगत होता. आणि मी काय केलं? त्याच फाटीतून पातळ स्प्रे मारला. आवाज थांबला, आणि उरलंसुरलं ग्रीसही धुऊन गेलं.

"कुईं करतंय तवर बरं असतं साहेब. टक् म्हंजे शेवट." हा सांधा निखळला की चाकाचा खालचा आधार सुटतो, चाक आडवं होतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग नावापुरतं उरतं. धारूरच्या घाटात, मागे आई बसलेली असताना. पुढचा विचार मी केला नाही.

पोरगा मोटारसायकलवर अंबाजोगाईला जाऊन नवा लोअर आर्म घेऊन आला. १९०० रुपये. बसवताना चाचांनी बुशचे बोल्ट नुसते अडकवले, गाडी चाकांवर खाली घेतली, आणि मगच आवळले. का, तर रबर बोल्टला धरून पिळलं जातं. गाडी लटकलेली असताना आवळलं, तर खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. "चाकं अलाइन करून घ्या," असंही बजावलं.

मजुरी ४०० रुपये. मी म्हटलं, चाचा, शोधायला तास दीड तास गेला, त्याचे? ते हसले. "बघायचे काय पैसे घ्यायचे?"

आणि इथेच माझं घोडं अडलंय. बघायचे पैसे का नाही घ्यायचे? ताप आला तर रक्त तपासायला आपण पाचशे रुपये मुकाट देतो. मेकॅनिकला मात्र काहीतरी 'बदललं' तरच पैसे. गाडी सोडवताना आपण विचारतो, "जुना पार्ट दाखवा." शोधलेलं कारण कोणी विचारत नाही. मग सर्व्हिस सेंटरमधला तो पोरगा तरी काय करणार? दीड तास कान लावून बसला तर त्याच्या बिलात एक ओळ वाढत नाही. शॉकअपची जोडी लिहिली तर वाढते. आपणच त्याला ऐकायचं सोडून विकायला लावलंय.

आपल्या धंद्यात तरी काय वेगळं? बग शोधायला दोन दिवस लागले आणि फिक्स एका ओळीचा निघाला, की मॅनेजर विचारतो, दोन दिवस केलं काय? म्हणून रात्री दोनला अलर्ट आला की आपण सर्व्हर रीस्टार्ट करून झोपतो. तोही डब्ल्यूडी-४०च. डब्याचा काही दोष नाही, गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम आहे तो.

सगळ्यांना चाचा मिळणार नाहीत, मान्य. पण पुढच्या वेळी गाडी कुरकुरली, तर गॅरेजवाल्याला एवढं म्हणून बघा: "आज काही बदलू नका. फक्त शोधा, शोधायचे पाचशे देतो." कोण कान लावतो आणि कोण यादी काढतो, लगेच कळेल.

मी चाचांना हजार रुपये द्यायला लागलो. त्यांनी ४०० ठेवून बाकीचे परत केले. शेवटी अण्णांनी चिवड्या-लाडवाचा डबा पाठवून हिशोब मिटवला. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना मी गाणी लावली नाहीत. आई म्हणाली, "टेप बिघडला का रे?"