डावखुऱ्या गोगलगायीची साक्ष



बाळापूरहून सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "आमच्या गावात मन आणि म्हैस या नद्यांचा संगम आहे. नदीकाठच्या मातीत मला एक शंख सापडला. लांबट, स्क्रूसारखा पिळाचा. आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी खारं आहे. आजोबा म्हणतात, इथे पूर्वी समुद्र होता. खरं का हो?" सोबत शंखाचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र आहे.

प्रश्न फार छान आहे! आधी खाऱ्या पाण्याचं पाहू. पूर्णा नदीकाठच्या पट्ट्याला वऱ्हाडात खारपाणपट्टाच म्हणतात. पण खारं पाणी म्हणजे समुद्र, असं नाही. लोणारचं तळं बघा. ते उल्का आदळून काळ्या खडकात तयार झालं. त्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उडवतं आणि क्षार मागे राहतात. समुद्र नसतानाही पाणी खारं!

आता शंखाची साक्ष काढू.

तुमच्या देवघरात शंख असेल तर (आईला विचारून!) हातात घ्या. शेंडा वर, तोंड आपल्याकडे. तोंडाच्या खाली पन्हळीसारखी लांब खाच दिसते ना? त्यातून ही गोगलगाय एक नळी बाहेर काढते आणि भक्ष्याचा वास घेते. अशी लांब खाच असलेले शंख बहुतेक समुद्रातलेच. शास्त्रज्ञ अशाच खुणा पाहतात. वेढे किती? शेंडा उंच की बसका? तोंड गोल की लांबट? ते डावीकडे की उजवीकडे?

बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे असतं. पण आपल्या विदर्भातल्या खडकांत एक डावखुरी गोगलगाय सापडते, फायसा प्रिन्सेपी. १८४० साली सॉवर्बी या इंग्रज शास्त्रज्ञानं तिचं वर्णन छापलं. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचं नाव तिला मिळालं. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी आणि आसपासच्या भागातून असे पुष्कळ शंख गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

फायसाचे भाऊबंद आजही तळ्यात, डबक्यात राहतात. म्हणजे ती गोड्या पाण्यातली. पण लाव्हाच्या खडकात गोगलगाय आली कुठून? लाव्हा एकदम नाही वाहिला. एक थर पसरायचा, थंड व्हायचा. खोलगट जागी तळी साचायची, त्यात गोगलगायी वाढायच्या. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि तळ्यातला गाळ त्याखाली गाडला जायचा. दोन थरांमधला तो गाळ कठीण झाला आणि आतले शंखही दगडाचे झाले.

१८६० साली हिस्लॉप यांनी या शंखांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात नागपूरकडचे गोड्या पाण्यातले शंख होते आणि राजमहेंद्रीजवळचे खाऱ्या पाण्यातलेही. त्या दुसऱ्या गटात टरिटेला होती, स्क्रूसारखी, समुद्रातली. म्हणजे लाव्हाच्या काळात गोदावरीच्या मुखाकडे समुद्राचं पाणी होतं आणि नागपूरकडे तळी. हे सांगितलं कोणी? गोगलगायींनी!

मात्र एका गोष्टीत हिस्लॉप फसले. त्यांनी हे थर आज मानतात त्यापेक्षा बरेच अलीकडचे धरले. आज आपण जाणतो, हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. गोगलगाय 'कुठे' ते चांगलं सांगते. 'केव्हा' ते सांगताना कधी कधी चकवते.

आता बाळापूरचा शंख. चित्र अगदी टरिटेलासारखं आहे! मग समुद्र? थांबा. आपल्या नद्यांत मेलानिया नावाच्या गटातल्या गोगलगायी राहतात. त्याही लांबट, पिळाच्या. घरं सारखी, पण कुळं वेगळी. टरिटेलाच्या तोंडालाही लांब खाच नसते, तेव्हा तीही खूण इथे कामाची नाही.

मग निवाडा कसा करायचा? शेजारी पाहून. समुद्रातल्या थरात कालवं, पोवळी, समुद्री साळू यांचे अवशेष सोबत मिळतात. तुझा शंख खडकात नव्हता, नदीकाठच्या सुट्या मातीत होता. तो हलका असेल, त्यावर तपकिरी साल असेल, तर तो जीवाश्म नसून नदीतल्याच गोगलगायीचं रिकामं घर असण्याचा संभव जास्त. नक्की मात्र शंख हातात घेऊनच सांगता येईल.

आजोबांना सांग, नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशात बाघजवळ, लाव्हाच्याही आधी खरोखर समुद्र होता. त्याचे शंख-शिंपले तिथल्या खडकात आहेत. पण बाळापूरच्या समुद्राला तुझा शंख आणि विहिरीचं पाणी, हे दोन्ही साक्षीदार पुरे पडत नाहीत.

करून पाहा : मोठ्या माणसांबरोबर नदीवर जा. दहा रिकामे शंख जमवा. शेंडा वर, तोंड आपल्याकडे धरून डावे-उजवे वेगळे करा. मग लांबट आणि बसके. प्रत्येकासोबत चिठ्ठी ठेवा : कुठे सापडला, कोणत्या तारखेला, खडकात की मातीत, शेजारी काय होतं. चिठ्ठी हरवली, तर शंखाची अर्धी साक्ष गेली म्हणून समजा!