नव्या संगणकात जुनं बिऱ्हाड

घर बदलायचं म्हटलं की आपण बायका किती बारीक विचार करतो! लोणच्याच्या बरण्या कुठल्या खोक्यात, काचेच्या बश्यांना कुठली जुनी साडी गुंडाळायची, देव कुणाच्या मांडीवर द्यायचे, सगळं आधी ठरलेलं असतं. संगणक बदलताना मात्र 'ते मुलगा बघेल' किंवा 'दुकानवाला करून देईल' असं म्हणून आपण मोकळ्या होतो. खरं तर त्या डब्यात आपलाच संसार असतो. बचत गटाचे हिशेब, शिवणक्लासची फीची यादी, मुलांचे दाखले, आईच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींचे फोटो.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला तिचा नेहमीचा आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय कंपनीने जाहीर केली, पण ती तात्पुरतीच. आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असं नव्हे बरं का! तो चालतो, पण नवी कीड लागली तर औषध मिळत नाही. आणि आपल्या घरातले आठ-दहा वर्षांचे बरेच संगणक विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत. मग एक तर नवा घ्या, नाहीतर त्याच यंत्रावर लिनक्ससारखी फुकट मिळणारी प्रणाली टाका. दोन्हीकडे सामान हलवणं आलंच.

इथे एक फरक नीट समजून घ्या. फाईल म्हणजे बरणीतलं लोणचं. उचललं, नव्या फडताळात ठेवलं, झालं. सॉफ्टवेअर मात्र गॅसच्या कनेक्शनसारखं असतं. ते उचलून नेता येत नाही, नव्या जागी नव्याने घ्यावं लागतं. जुन्या संगणकातला फोल्डर जसाच्या तसा नव्यात टाकला तरी बहुतेक सॉफ्टवेअर चालत नाही. टॅलीचंच बघा. आधी डेटाचा बॅकअप घ्यायचा, मग जुन्या यंत्रावरचं लायसन्स 'सरेंडर' करायचं आणि नव्यावर चालू करायचं. जुना संगणक भंगारात गेल्यावर सरेंडर आठवलं, तर कंपनीकडे खेटे आलेच. लिनक्सवर जाणार असाल तर टॅली थेट चालत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

आता आपल्या मराठीचं दुखणं. घरी डीटीपी करून लग्नपत्रिका, अहवाल, प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या कितीतरी जणी छोट्या गावांत आहेत. त्यांच्या वीस-वीस वर्षांच्या फाईली श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये आहेत. या फाँटची गंमत अशी, की संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, आणि फाँट फक्त त्यांच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवतो. नव्या संगणकात तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निव्वळ कचरा दिसतो. बाईच्या पोटात गोळाच येतो. वाटतं, सगळं गेलं. गेलेलं काहीच नसतं! म्हणून निघताना फाईलींबरोबर त्या फाँटच्या फाईलीही घ्या.

कायमचा इलाज मात्र युनिकोडच. त्यात 'क'ला जगभर एकच क्रमांक आहे, त्यामुळे मोबाइल, विंडोज, लिनक्स, सगळीकडे मराठी मराठीच दिसतं. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात. तरी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे उडतात. आणि मजकुरात मधेच इंग्रजी नाव असेल तर कन्व्हर्टर त्याचंही 'मराठी' करून ठेवतं. सगळ्या फाईली बदलत बसू नका. लागणाऱ्या आधी बदला आणि मूळ प्रत ठेवाच. ज्यांना इन्स्क्रिप्ट कीबोर्डची सवय आहे त्यांची बोटं लिनक्सवरही तशीच चालतील, कारण तीच मांडणी तिथे मिळते.

माझा खरा राग आहे तो 'फॉरमॅट मारून देतो' या वाक्यावर. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाची सात वर्षांची कर्जखाती अशी एका दुपारी गेली. दुकानदाराने विचारलं, 'काही महत्त्वाचं आहे का?' संगणक घेऊन गेलेल्या भावोजींनी सांगितलं, 'नाही.' ज्या बाईने ती खाती लिहिली तिला कुणी विचारलंच नाही! पुढे बँकेत उभं राहायची वेळ आली ती तिच्यावर. तेव्हा मैत्रिणींनो, संगणक दुकानात जाण्याआधी तुम्ही स्वतः त्याच्यासमोर बसा. डेस्कटॉप, डाऊनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तीन कोपरे बघा. 'कट' नको, 'कॉपी'च करा. दोन ठिकाणी करा. आणि कॉपी झाल्यावर चार-पाच फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नुसती नावं दिसली म्हणजे सामान पोचलं असं नसतं. ब्राउजरमध्ये जपलेले पासवर्डही वहीत उतरवून घ्या, आणि वही कुलपात ठेवा.

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडलाय असं समजू नका. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, अर्थात त्यातलं आधी काढून.

लिनक्सला घाबरू नका. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, आतलं काही न पुसता चालवून बघता येतं. लिब्रेऑफिस वर्ड-एक्सेलच्या फाईली उघडतं. फक्त तक्ते आणि पानाची मांडणी जरा हलते, तेवढी तपासा.

नवीन बसल्यावर महिनाभर तरी जुना संगणक विकू नका. काय राहिलं ते तेवढ्यातच कळतं. विकताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. डिलिट केलेले फोटो परत काढता येतात, आणि ते आपल्या मुलीबाळींचे असतात. डिस्क नाही म्हणून दुकानदार थोडे पैसे कमी देईल. देऊ दे.